देवघरातला डबा

"पाठ बघू," असं म्हणून ते हात पुढे करायचे. नमस्कार नाही, कसं काय नाही. गिऱ्हाइकाच्या हातात गोळ्यांची पट्टी दिसली की ह्यांचा तळहात पुढे आलाच. पट्टी हातात पडली की पहिल्यांदा उलटी व्हायची. पुढची बाजू, जिथे औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, तिकडे ते बघतसुद्धा नसत. "पुढून सगळेच हसतात," असं म्हणायचे आणि पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवायचे.

तुमच्याही ओळखीत असा कोणीतरी असेल, ज्याला दुसऱ्याच्या पिशवीत डोकावल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या गल्लीत हे काका होते. रत्नागिरीत आमचं छोटंसं मेडिकल आहे. आमचं म्हणजे माझंच. दुकानावर पाटी माझ्या सासऱ्यांच्या नावाची असली तरी फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय ते माझं. काका आमच्या मागच्या बाजूला, जांभ्याच्या सात पायऱ्या चढून जावं लागतं अशा घरात राहायचे. मुंबईला औषधांच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली होती. औषध बनवायच्या खात्यात नव्हे, पट्ट्या बांधायच्या खात्यात. मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पट्ट्यांमधून बिघडलेली पट्टी उचलून बाजूला टाकायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन गावाकडे आले तरी हात काही निवृत्त झाले नाहीत.

सुरुवातीला मला त्यांचा मनस्वी राग यायचा. दुपारी दुकानाच्या बाकड्यावर येऊन बसायचे आणि मी दिलेली औषधं गिऱ्हाइकाच्या हातून घेऊन माझ्यादेखत तपासायचे. परवाना नंबर, बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता, तारीख. मग "ठीक आहे, घ्या" असा शेरा. जणू मी रात्री घरी बसून खडूच्या गोळ्या पाडते. एकदा मी बोलले त्यांना. म्हटलं, काका, शिक्षण मी घेतलंय, तुम्ही पट्ट्या बांधल्यात. ते अजिबात चिडले नाहीत. "होय तर," म्हणाले. "पाकीट सांगतं तेवढंच मी सांगतो. आतलं काय ते प्रयोगशाळा सांगेल." हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. आपल्याला काय कळतं आणि कुठपर्यंत कळतं हे इतकं नेमकं माहीत असलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांना खरोखर कळतं हे पटायला मला एक धक्का खावा लागला. एका नव्या एजंटकडून मी रक्तदाबाच्या गोळ्यांचा माल घेतला होता. काकांनी त्यातली एक पट्टी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा फिरवला. मग जुन्या मालातली त्याच गोळीची पट्टी मागितली. दोन्ही शेजारी ठेवून मला म्हणाले की कडेची नक्षी बघ, जुन्या पट्टीवर बारीक चौकोन आहेत, नव्या पट्टीवर आडव्या रेघा. मी म्हटलं, कंपनीने मशीन बदललं असेल. "असेल," ते म्हणाले. "बिल काढ." बिल काढलं. बिलावरचा बॅच नंबर एक आणि पट्टीवरचा भलताच. कंपनीला फोन लावला, तर पलीकडून सांगितलं की हा नंबर आमचा नाहीच.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यातल्या पट्ट्या दोघा गिऱ्हाइकांना देऊन झाल्या होत्या. मी औषध निरीक्षकांना कळवलं, माल वेगळा काढून ठेवला, आणि काका म्हणाले, "चल, आधी दोघांकडे जाऊ." माझ्या स्कूटरवर मागे बसून ते खेडशीला आणि तिथून मिरकरवाड्याला आले. स्कूटरवर बसायची त्यांना सवय नव्हती. दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून डोळे मिटून बसले होते, हे मला आरशात दिसत होतं. मिरकरवाड्यातली मासेवाली बाई नुकती बाजारातून आली होती. पट्टी परत द्यायला तयारच होईना. म्हणाली, "मासा ताजा हाय का ता मी कल्ला उघडून बगतंय. गोळीचा कल्ला मी कुठं बगू?" काकांनी तिला पट्टी उलटी करून दाखवली आणि पाठीवर काय काय वाचायचं ते तिथेच, मासळीच्या टोपल्यांत उभं राहून, अर्धा तास शिकवलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी बाकड्यावर उशी ठेवायला लागले.

मग हळूहळू सगळी गल्ली त्यांच्याकडे पट्ट्या घेऊन यायला लागली. ताकदीच्या पावडरीचे डबे, केसांच्या गोळ्या, उंची वाढवायची औषधं, मोबाईलवरच्या जाहिराती बघून मागवलेलं काय वाट्टेल ते. एका मास्तरांनी व्हिटॅमिनचा डबा आणला, तर काकांनी किमतीची चिकटपट्टी नखाने अलगद उचलली. खाली मुदत संपल्याची तारीख. मास्तर तो डबा तीन महिने रोज खात होते. वर त्यांना उत्साहही वाटत होता. काका म्हणाले, "उत्साह तुमचा स्वतःचाच हो. गोळीला कशाला श्रेय देताय?"

आता काकूंबद्दल सांगायला हवं. तिथूनच सगळं सुरू झालं आणि तिथेच संपलं.

काकू गोऱ्या, स्थूल, हसतमुख. काकांच्या तपासणीची त्यांना गंमत वाटायची. "लग्नात माझी पण पाठ बघितली असेल हो ह्यांनी," असं बायकांना सांगायच्या. गुडघ्यांनी मात्र त्यांना पार जेरीस आणलं होतं. त्या सात पायऱ्या उतरायला त्यांना कठड्याचा आधार लागायचा आणि चढायला काकांचा. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण पोट बिघडायचं म्हणून त्या अधूनमधून सोडून द्यायच्या.

एका गणपतीला त्यांची लेक मुंबईहून आली. एकुलती एक, मनाने फार मायाळू. तिने आईसाठी गुडघेदुखीच्या गोळ्यांचे तीन डबे आणले होते. आमच्याकडे अशी रीत आहे की गणपतीला मुंबईचं माणूस घरी आलं की त्याच्या बॅगेतलं सगळं आधी देवापुढे ठेवायचं. मिठाई, कपडे, म्हाताऱ्यांची औषधं, सगळं. वर हळद-कुंकवाचं बोट लावायचं आणि मग वाटायचं. काकूंनी तेच केलं. तीनही डबे देवघरात गेले आणि तिथेच राहिले. रोज पूजा झाली की समईजवळच्या डब्यातून काकू एक गोळी घ्यायच्या, तीर्थाबरोबर. काकांची औषधांची पेटी होती स्वयंपाकघरात, फडताळावर. त्यातली एकूणएक पट्टी पाठ वर करून लावलेली. देवघरातला डबा त्या पेटीत कधी गेलाच नाही. लेकीने आणलेली आणि देवापुढे ठेवलेली वस्तू उलटी करून बघायची, हे त्यांच्या मनातही आलं नसावं. खरं सांगा, तुमच्या तरी आलं असतं का?

पंधरा दिवसांत काकू आधाराशिवाय पायऱ्या उतरायला लागल्या. महिन्याभरात एकट्या बाजारात. दिवाळीला तर लेकीबरोबर आरे-वारेच्या वाळूत चालून आल्या आणि मला फोटो दाखवले. चेहरा भरला होता, गाल गोल झाले होते, भूक वाढली होती. मी काय म्हटलं माहितीये? मी म्हटलं, "काकू, तब्येत चांगली सुधारली हो." हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोलले आहे. चेहरा असा चंद्रासारखा गोल का होतो, ते मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. हिवाळ्यात त्यांच्या रक्तात साखर निघाली. काका साखरेच्या गोळ्या माझ्याकडून घेऊन गेले, पाठ बघून. वय झालं की साखर व्हायचीच, असं आम्ही दोघं बोललो.

शिमग्याच्या आसपास डबे संपले. लेक शिमग्याला येणार होती, पण मुलांच्या परीक्षेमुळे तिचं यायचं राहिलं. आठवड्याभरात काकूंना ताप आला, उलट्या सुरू झाल्या, उभं राहवेना. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब फार खाली गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, कोणती औषधं चालू आहेत? काकांनी अख्खी पेटी आणली होती. एकेक पट्टी काढून टेबलावर मांडली, बॅच नंबरासकट यादी दिली. डॉक्टर म्हणाले, इतकी नीट माहिती आम्हाला कोणी देत नाही. आणखी काही घेतात का, काढा, चूर्ण, जडीबुटी? काकांनी मान हलवली. "माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय आमच्या घरात काही पोटात जात नाय," ते म्हणाले. मी शेजारीच उभी होते. मलाही ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू गेल्या. ताप आणि उलट्यांनी माणूस असं दोन दिवसांत जातं हे कोणालाच पटत नव्हतं. काका पेटी मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसून होते, मी त्यांना हाताला धरून उठवलं.

चौदाव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. सुतक फिटलं होतं, देवाला पुन्हा दिवा लागला होता. लेक निघायची तयारी करत होती. बॅग भरताना तळाला तिला दोन डबे सापडले. शिमग्याला आणायचे म्हणून घेऊन ठेवलेले आणि त्या धावपळीत तसेच बॅगेत आलेले. ते हातात घेऊन ती वडिलांजवळ आली. मग म्हणाली, "बाबा, तुमचापण गुडघा धरतो ना हल्ली? तुम्ही घ्या. आईला इतका गुण आला होता." आणि आईची सवय म्हणून असेल, देवघरात जाऊन तिने डबे ठेवले, कुंकवाचं बोट लावलं आणि त्यातला एक उचलून वडिलांच्या हातात दिला.

मी तेव्हा देवघरात पहिल्यांदा नीट बघितलं. जुने तीन रिकामे डबे तिथे ओळीने होते. एकात वाती, एकात कापूर, एकात अक्षता. काकूंनी धुऊन, पुसून ठेवलेले. त्या सकाळी काकांनी त्यातूनच वात काढून दिवा लावला असणार.

स्वतःच्या पोटात घ्यायचं औषध हातात आलं तसा काकांचा हात सवयीने फिरला. डबा उलटा झाला. त्यांनी तो परत फिरवला. मग पूर्ण गोल. अंगठ्याने कुंकू पुसून बघितलं.

"ह्याला पाठच नाय गो," ते म्हणाले.

डोंगर, पानं आणि हसणारी म्हातारी, एवढंच त्यावर होतं. शंभर टक्के नैसर्गिक, असं लिहिलेलं. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नाही, परवाना नाही. औषधाचाही नाही आणि खाण्याच्या वस्तूचाही नाही. पंधरा दिवसांत सुटलेले गुडघे, गोल चेहरा, भूक, साखर आणि डबे संपल्यावर आठवड्यात कोसळलेलं शरीर, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे एका ओळीत येऊन उभं राहिलं. असल्या गोळ्यांत गुपचूप स्टेरॉइड घालतात. दुखणं जादूसारखं जातं, शरीराला सवय लागते, आणि एकदम थांबवलं की शरीर टेकीला येतं. दवाखान्यात हे कळलं असतं तर त्यावर इंजेक्शन असतं. मी काकांकडे बघितलं. त्यांनी माझ्या चेहऱ्यावर काय वाचलं देव जाणे, पण त्यांना सगळं समजलं. आणि त्यांनी मला मानेनेच खुणावलं, बोलू नको.

लेक डोळे पुसत बॅगेची चेन लावत होती. तिला हे कशाला कळायला हवं, आई तर गेलीच, असं मलाही वाटलं. हा बाप आता हे पोटात ठेवणार आणि मीही ठेवणार, असं आमचं न बोलता ठरलंच होतं.

तेवढ्यात ती म्हणाली, "माझ्या सासूबाईपण दिवाळीपासून घेतायत. त्यांचापण डबा संपत आला असेल, हा दुसरा त्यांना देते."

काका जागचे उठले. तिच्यासमोर खाली फरशीवर बसले, इतका वेळ ते तिच्याकडे बघतही नव्हते.

"बाय, बॅग राहू दे. ऐक. तुझ्या आवशीला ह्याच गोळ्यांनी नेलंन असं मला वाटतं. नक्की काय ते प्रयोगशाळा सांगेल. पण सासूला आत्ताच्या आत्ता फोन कर."

तिला ते वाक्य कळायलाच वेळ लागला. मग तिने फोन काढला, पण तिला नंबर लावता येईना. फोन मी घेतला. तिच्या नवऱ्याला सांगितलं की गोळ्या एकदम बंद करू नका, आईंना आज, आत्ता डॉक्टरांकडे न्या, डबा बरोबर न्या आणि किती महिने घेतायत ते सांगा. तो काय काय विचारत होता आणि मी तेच तेच सांगत होते. मागे ती रडत होती. मी मारलं आईला, असं म्हणत होती.

काकांनी तिचा हात धरला. आवाज अजिबात चढवला नाही.

"नाय. तू आणलंस ते मायेनं आणलंस. बघायचं काम माझं होतं. साऱ्या गावाच्या पाठी बघितल्या मी, आणि तू आणलंस म्हणून हा डबा नाय बघितला. चूक माझी. ही तुझ्याकडे मी जाऊ देणार नाय."

माणसाने स्वतःवर असा घाव घालून घेताना मी कधी बघितला नव्हता. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे उभी राहून रडले.

सासूबाई वाचल्या. डॉक्टरांनी खरं औषध देऊन ते हळूहळू, महिनोन् महिने कमी करत आणलं. न उघडलेला डबा मी औषध निरीक्षकांकडे दिला. प्रयोगशाळेचं उत्तर आलं ते आम्हाला ठाऊकच होतं. मोबाईलवरच्या ज्या जाहिरातीवरून लेकीने डबे मागवले होते ती कधीच गायब झाली होती, फोन नंबर बंद. त्या विकणाऱ्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. निरीक्षक म्हणाले, शोध चालू आहे.

काका दुकानात यायचे थांबले. बाकड्यावरची उशी मी तशीच ठेवली. कोणी पट्टी घेऊन त्यांच्या घरी गेलं तर दारातूनच सांगायचे, मेडिकलवाल्या मॅडमना दाखवा, मला कळत नाही. लोकांना वाटलं, बायको गेल्याने म्हातारा खचला. खरं काय ते मला माहीत होतं.

पुढच्या गणपतीच्या दोन दिवस आधी ते अचानक आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. म्हणाले, मुंबईची माणसं उतरायला लागली, माझ्याबरोबर चल. आम्ही घरोघर फिरलो. बॅगा देवघरात उलट्या व्हायच्या आधी हे दारात उभे. "आधी पाठ, मग देव," एवढंच म्हणायचे. तुम्हीच विचार करा, सणाला आलेल्या माणसाने आईसाठी प्रेमाने काही आणावं आणि शेजाऱ्याने ते दारातच उलटं करून बघावं. एका घरात चांगलाच अपमान झाला. तिथला मुलगा म्हणाला, तुमच्या घरात बघायचं सोडून आमच्या घरात काय नाक खुपसताय? गल्लीत सगळ्यांना ऐकू गेलं. काका म्हणाले, "बरोबर बोललास. म्हणूनच आलो." तो पोरगा मग खाली मान घालून बॅग उघडून बसला. त्याच्या बॅगेत काही निघालं नाही. पुढच्या आळीत मात्र एका आजींसाठी आणलेला तोच डबा निघाला, डोंगर, पानं आणि हसणारी म्हातारी. काकांनी तो डबा त्या दिवशी घरी पोचेपर्यंत हातातून सोडला नाही.

असे तीन गणपती ते फिरले. चौथ्याला ते नव्हते. वैशाखात झोपेतच गेले, पेटीतल्या सगळ्या पट्ट्या पाठ वर करून.

ह्या गणपतीला दुपारी मी दुकानात होते. रिक्षा थांबली आणि त्यांची लेक उतरली. घर मागेच आहे, पण ती स्टेशनवरून थेट दुकानात आली होती. काउंटरवर बॅग ठेवली, चेन उघडली आणि आतली एकेक वस्तू काढून माझ्यासमोर मांडायला लागली. पेढ्यांचा बॉक्स, उदबत्त्या, शेजारच्या आजोबांसाठी च्यवनप्राश, तिच्या स्वतःच्या थायरॉइडच्या गोळ्या. प्रत्येक वस्तू तिने उलटी ठेवली होती. सगळं मांडून झाल्यावर ती बाकड्यावर, त्या उशीवर जाऊन बसली आणि मी सगळं वाचून संपवेपर्यंत तिथून हलली नाही.